दिवस मोजणारे हात : ऋतुकाल, संततिनियमन आणि वऱ्हाडातील काही पाठ

१

स्त्रीच्या मासिक पाळीसंबंधी मराठीत तीन निरनिराळ्या शब्दसंपत्ती एकाच वेळी वावरतात. पहिली संस्कृत धर्मग्रंथांतून आलेली : रजोदर्शन, ऋतुकाल, ऋतुस्नाता, गर्भाधान. दुसरी घरातली आणि गावातली : न्हाण येणे, पदर येणे, बाहेर बसणे, शिवायचे नसणे, कावळा शिवणे. तिसरी शाळा, दवाखाना आणि सरकारी पत्रक यांच्यामार्फत आलेली : बीजांड, अंडाशय, संप्रेरक, गर्भनिरोधक. धर्माची भाषा मागे पडली, मग रूढीची आली आणि अखेरीस विज्ञानाची स्थिरावली, असा कालक्रम मांडणे सोयीचे आहे; परंतु तो वस्तुस्थितीशी जुळत नाही. अमरावती-अकोल्याकडील एखाद्या घरात मुलगी शाळेत तिसरी भाषा शिकते, आई तिच्याशी दुसरीत बोलते आणि घरातील पूजाविधीचे नियम पहिलीच्या आधाराने चालतात, हे चित्र अपवादात्मक नाही.

या तिन्ही भाषांना जोडणारी एक क्रिया आहे, ती म्हणजे दिवस मोजणे. धर्मशास्त्र रात्री मोजते, घर विटाळाचे दिवस मोजते, वैद्यक पाळीच्या चक्राचे दिवस मोजते. म्हणून या भाषांचा इतिहास लिहिताना त्यांतील ज्ञान खरे की खोटे एवढाच प्रश्न पुरेसा ठरत नाही. मोजणी कोण करतो, कोठून करतो आणि तिची नोंद कोणाच्या हाती राहते, हे प्रश्नही विचारावे लागतात. हे प्रश्न विचारण्यासाठी वऱ्हाड हा प्रदेश विशेष उपयुक्त आहे. या विषयावरील मराठीतील दोन मूलगामी पाठ याच भूमीत सिद्ध झाले आणि दोन्ही दीर्घकाळ वाचकांपासून दूर राहिले. त्यांच्या लुप्त होण्याचा इतिहास हा त्यांच्या आशयाइतकाच बोलका आहे.

२

स्मृतिग्रंथांतील मोजणी प्रथम पाहणे आवश्यक आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात स्त्रियांचा स्वाभाविक ऋतुकाल सोळा रात्रींचा सांगितला आहे. त्यांतील पहिल्या चार रात्री, तसेच अकरावी आणि तेरावी या निंद्य ठरविल्या असून उरलेल्या दहा प्रशस्त मानल्या आहेत. सम रात्री पुत्रासाठी आणि विषम रात्री कन्येसाठी, अशी विभागणीही तेथेच आढळते. या गणनेची दोन वैशिष्ट्ये आहेत. ती रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढे जाते आणि ती पतीला उद्देशून आहे. ऋतुकाळी पत्नीकडे न जाणाऱ्या पतीला काही स्मृतींनी भ्रूणहत्येचे पाप लावले आहे. ऋतू स्त्रीचा असला तरी तो पाळण्याचे कर्तव्य पुरुषाचे, अशी ही रचना आहे.

प्रत्यक्ष शरीरव्यापाराशी ही गणना ताडून पाहिली तर ती सर्वथा निराधार ठरत नाही. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात बीजांड साधारणतः चौदाव्या दिवसाच्या सुमारास अंडाशयातून बाहेर पडते. ते फार तर एक दिवस फलनक्षम राहते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे गर्भधारणेला अनुकूल असे सुमारे सहा दिवस असतात आणि अशा चक्रात ते पाचव्या ते सोळाव्या रात्रीच्या टप्प्यात येतात. ज्या समाजाला संतती हवी होती त्या समाजाच्या निरीक्षणाने हा टप्पा स्थूलपणे हेरला होता. याउलट एकोणिसाव्या शतकातील अनेक युरोपीय वैद्यांनी प्राण्यांच्या, विशेषतः कुत्रीच्या, माजाच्या काळातील रक्तस्रावावरून अनुमान काढून स्त्रीचे बीजांडही पाळीच्या आसपासच सुटते असे ठरविले होते. दोन पाळ्यांमधला काळ निर्धोक, असा त्यांतून निघालेला सल्ला नेमका उलटा होता. संतती टाळू पाहणाऱ्या कित्येक जोडप्यांना तो भोवला असला पाहिजे.

घरातील चार दिवसांच्या विटाळाने या गणनेला आणखी एक परिमाण दिले. स्त्री बाहेर बसली की तिचा पहिला दिवस सासूला, दिराला, शेजारणीला, इतकेच नव्हे तर घरातील लहान मुलांनाही कळतो. कावळा शिवला या उक्तीने मुलांना कारण सांगितले जात नाही, परंतु घटना कळतेच. आणि एखाद्या महिन्यात ती बाहेर बसली नाही तर तेही सर्वांना समजते. अशा रीतीने विटाळाची रूढी ही अशुद्धीच्या कल्पनेबरोबरच एक सार्वजनिक नोंदवहीही ठरते. स्त्रीच्या शरीराचे पंचांग घर वाचते. तिला स्वतःला मात्र त्यातील फक्त वर्ज्य दिवस माहीत असतात, फलनक्षम दिवस नाहीत.

३

या नोंदवहीला आव्हान देणारा मराठीतील पहिला महत्त्वाचा विचार महानुभाव परंपरेत सापडतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे स्थान. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी शोधून, पडताळून लीळाचरित्र सिद्ध केले ते येथेच, तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात. स्त्रियांना संन्यासाचा आणि ज्ञानाचा अधिकार देणाऱ्या या पंथात विटाळाचा प्रश्न उपस्थित होणे अपरिहार्य होते. परंपरेने जपलेले चक्रधरांचे निरूपण असे की, देहाच्या नवद्वारांतून जसे निरनिराळे मळ बाहेर येतात तसाच हाही एक धातू स्रवतो आणि थांबतो; नाकाडोळ्यांतून येणाऱ्या मळाचा जसा विटाळ नाही तसा याचाही धरू नये.

या निरूपणातील युक्तिवादाची जात लक्षात घेण्यासारखी आहे. विटाळ नाकारताना चक्रधर स्रावाला पवित्र ठरवत नाहीत, मातृत्वाच्या गौरवाचा आधारही घेत नाहीत. ते त्याला इतर शारीरिक स्रावांच्या पंक्तीला बसवतात. वर्गीकरण बदलले की विधिनिषेध गळून पडतो. देहाकडे देह म्हणून पाहण्याची ही दृष्टी आहे आणि ती शास्त्रार्थाच्या संस्कृतात न मांडता बायाबापड्यांना समजणाऱ्या मराठीत मांडली आहे.

तथापि या पाठाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याचा संदर्भ संन्यासाचा आहे. विटाळातून मुक्त झालेली ही स्त्री प्रजननाच्या व्यवहारातूनही बाहेर पडलेली आहे. संसारी स्त्रीने किती वेळा गरोदर राहावे, हा प्रश्न या चर्चाविश्वात उद्भवत नाही. दुसरी मर्यादा पाठाच्या प्रसाराची आहे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या लिपीचे कोडे उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे वाङ्मय जवळजवळ अज्ञात होते. रिद्धपूरच्या आसपासच्या खेड्यांत शतकानुशतके स्त्रिया बाहेर बसत राहिल्या आणि त्यांच्याच भाषेत लिहिलेला विटाळाचा निषेध जवळच्या मठांतील पोथ्यांत बांधून राहिला.

४

दुसरा पाठ बुलढाण्याचा आहे. ताराबाई शिंदे यांचे स्त्री-पुरुषतुलना हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. पुस्तकाला निमित्त झाला तो सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेचा १८८१ चा खटला. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या अर्भकाची हत्या केल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली व पुढे ती कमी करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून एकूण स्त्रीजातीवर जी टीका झाली तिला ताराबाईंनी उत्तर दिले.

स्त्री-पुरुषतुलनेत शरीरशास्त्र नाही. तरीही प्रजननाच्या इतिहासात त्याचे स्थान मूलभूत आहे, कारण स्मृतींच्या गणनेत जी स्त्री धरलीच नव्हती ती येथे केंद्रस्थानी येते. विधवेला ऋतू येत होता. त्या ऋतूचा पती नव्हता, आणि म्हणून शास्त्राच्या हिशेबात तो ऋतू नव्हताच. शरीर फलनक्षम आणि समाज त्याविषयी मौन, या विसंगतीची किंमत एकट्या स्त्रीने भरायची होती. गर्भ तिच्या अंगावर दिसतो, पुरुषाचा सहभाग कोठेच दिसत नाही. जो दोष स्त्रीच्या माथी मारला जातो तो पुरुषात तितकाच किंवा अधिक असतो, हे ताराबाईंचे मुख्य प्रतिपादन या दृष्टीने वाचले म्हणजे त्याला केवळ नैतिक तक्रारीचे स्वरूप राहत नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये काढलेले बालहत्याप्रतिबंधक गृह हा याच प्रश्नाला दिलेला संस्थात्मक प्रतिसाद होता. जोतीरावांनी १८८५ मध्ये सत्सारमध्ये ताराबाईंची बाजू घेतली, हे त्यामुळे स्वाभाविक वाटते.

त्यानंतर काही वर्षांतच ऋतुकालाची मोजणी कायद्याच्या दारात आली. मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ मध्ये झाला. प्रथम रजोदर्शनानंतर ठराविक रात्रींच्या आत गर्भाधान झाले पाहिजे. कायदा या संस्कारात हस्तक्षेप करतो, असा विरोधकांचा मुद्दा होता. टिळकांनी हा विरोध लढविला, तर रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनांच्याच आधारे गर्भाधान पुढे ढकलता येते असे दाखविले. दोन्ही बाजूंनी पाठचिकित्सा केली आणि ती व्यासंगपूर्ण होती. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलीचे शरीर त्या वादात वचनांच्या अन्वयाचे स्थळ म्हणूनच उरले. ताराबाईंचे पुस्तक त्या वेळी प्रसिद्ध होऊन नऊच वर्षे झाली होती, पण प्रस्थापित चर्चेत त्याचा आवाज उमटला नाही. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले तेव्हा मधे नव्वदहून अधिक वर्षे लोटली होती.

५

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात मोजणीचे स्वरूपच पालटले. जपानमधील क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी १९२८ च्या सुमारास स्वतंत्रपणे असे दाखविले की, बीजांड सुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजून निश्चित होत नाही, तो पुढच्या पाळीपासून मागे मोजावा लागतो. याचे कारण संप्रेरकांच्या व्यापारात आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून आलेल्या प्रेरणेने अंडाशयातील पुटक वाढते व इस्ट्रोजेन स्रवते. इस्ट्रोजेनची पातळी पुरेशी चढली की पीयूषिकेकडून दुसऱ्या संप्रेरकाचा लोंढा येतो आणि बीजांड सुटते. रिकाम्या पुटकाचे पीतपिंडात रूपांतर होऊन त्यातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड क्षीण होते व पाळी येते. हा उत्तरार्ध बहुधा स्थिर असतो. पूर्वार्ध मात्र उपासमार, आजार, अंगावर पाजणे किंवा मानसिक ताण यांनी लांबतो. म्हणून सोळा रात्रींची पुढे जाणारी गणना सरासरीला लागू पडते, व्यक्तीला लागू पडेलच असे नाही.

या शोधाचा सांस्कृतिक अर्थ असा की मोजणीसाठी आता स्त्रीची स्वतःची, अनेक महिन्यांची नोंद आवश्यक ठरली. ओगिनोच्या पद्धतीत सर्वांत लहान चक्रातून अठरा आणि सर्वांत मोठ्या चक्रातून अकरा दिवस वजा करून जोखमीचा काळ ठरवला जातो. घराने पाहिलेला पहिला दिवस येथे पुरत नाही. तिला लिहिता आले पाहिजे, तारखा जवळ ठेवता आल्या पाहिजेत, आणि त्या काळात पतीला नकार देता आला पाहिजे. यांतील पहिल्या दोन गोष्टी साक्षरतेच्या होत्या, तिसरी सत्तासंबंधाची.

महाराष्ट्रात या सत्तासंबंधावर सर्वांत स्पष्टपणे बोट ठेवले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. ते गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, १९२३ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले, आणि याच कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक निघत राहिले. कर्व्यांचा भर स्त्रीच्या हाती राहतील अशा साधनांवर होता, कारण नको असलेल्या गर्भाचे ओझे तिलाच वाहावे लागते. वाङ्मयीन दृष्टीने त्यांच्या गद्याचे वैशिष्ट्य असे की, अवयव आणि क्रिया यांची नावे ते आडपडदा न ठेवता लिहितात. मराठी सभ्यतेचा संकेतव्यूह सूचकतेवर उभा होता. कर्व्यांच्या निरलंकार वाक्याने तोच मोडला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी निकाल विरुद्ध गेला. प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांना यश आले तेही १९३४ मध्येच. ज्या द्रव्याच्या आधाराने पुढे गर्भनिरोधक गोळी बनणार होती ते प्रयोगशाळेत हाती आले त्याच वर्षी त्या विषयावरील मराठी वाक्य न्यायालयात उभे होते.

१९३५ ते १९३७ हा काळ वऱ्हाडच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्ध्याला, डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांचा पुरस्कार नाकारला. मात्र चक्रातील निर्धोक दिवसांचा मार्ग त्यांना तुलनेने कमी आक्षेपार्ह वाटला, कारण त्यात काही दिवसांचा तरी संयम होता. ओगिनो-क्नाउस यांची गणना अशा प्रकारे ब्रह्मचर्याच्या नीतिशास्त्राला जवळची ठरली. मोजणी शास्त्रीय, पण तिचा स्वीकार झाला तो संयमाच्या भाषेत.

जवळजवळ त्याच सुमारास, १९३६ पासून, ह. ना. नेने यांनी संपादिलेले लीळाचरित्राचे भाग नागपूरहून प्रसिद्ध होऊ लागले. आणि त्याच वर्षी गीता साने यांची निखळलेली हिरकणी ही कादंबरी आली. गीता साने यांचा जन्म १९०७ मध्ये वाशीम येथे, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात झाला. त्यांचे शिक्षण विज्ञान शाखेचे. विवाहसंस्थेत स्त्रीला पत्नीपणापलीकडे अस्तित्व आहे काय, हा त्यांच्या तिसाच्या दशकातील कादंबऱ्यांचा प्रश्न आहे. कर्व्यांनी जो विषय उपायांच्या पातळीवर मांडला त्याची दुसरी बाजू येथे दिसते. साधन हाती असणे आणि ते वापरण्याचा निर्णय स्वतःचा असणे यांतील अंतर कादंबरीलाच दाखवता येते, कारण ते अंतर संवादात, मौनात आणि घर सोडण्याच्या क्षणात असते. तरीही मराठी कादंबरीच्या इतिहासात त्या काळाची चर्चा दीर्घकाळ फडके-खांडेकर या जोडीभोवती फिरली. त्यांपैकी ना. सी. फडके यांनी स्वतः संततिनियमनावर पुस्तक लिहिले होते. पण वऱ्हाडातील या लेखिकेला त्या इतिहासात बहुधा नोंदीपुरतेच स्थान मिळाले.

६

स्वातंत्र्यानंतर मोजणीचा आणखी एक धनी पुढे आला, तो म्हणजे शासन. भारताने १९५२ मध्ये शासकीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला. आता दिवसांऐवजी शस्त्रक्रिया मोजल्या जाऊ लागल्या. 'लक्ष्य' आणि 'केस' हे शब्द तालुक्याच्या दवाखान्यात रुळले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. उद्दिष्टांची पद्धत केंद्राने १९९६ मध्ये औपचारिकरीत्या मागे घेतली.

या कालखंडातील भाषिक रूपे स्वतंत्र अभ्यासास पात्र आहेत. 'पाळणा लांबवा' या प्रचाराच्या वाक्यात गर्भ, शरीर, पुरुष यांपैकी काहीच नाही. आहे ती घरातील एक वस्तू. साधनांची नावे माला, सहेली, अंतरा, छाया अशी आहेत. मैत्रिणीची किंवा मुलीची वाटणारी ही नावे आत कोणते द्रव्य आहे आणि ते शरीरात काय करते हे सांगत नाहीत. माला आणि अंतरा संप्रेरकांच्या आहेत. सहेली, जी पुढे शासकीय कार्यक्रमात छाया झाली, ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली आणि संप्रेरक नसलेली गोळी आहे. हा महत्त्वाचा भेद नावातून पुसला जातो. याउलट लोकांनी स्वतः घडविलेला 'तांबी' हा शब्द पाहावा. कॉपर-टीला स्त्रियांनी दिलेले हे नाव वस्तूचे द्रव्य नेमके सांगते, लिंगानुसार चालते आणि क्रियापदाशी सहज जुळते : तांबी बसवली, तांबी काढली. बाहेर बसण्याच्या बोलीत जी सूचकता होती तिचा येथे मागमूस नाही.

परंतु शब्द मोकळा झाला म्हणून भार वाटला गेला असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांची नसबंदी झालेली होती, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. संप्रेरकांचे ज्ञान आणि मागे जाणारी गणना पाठ्यपुस्तकात आली. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला चक्र समजून घेण्याऐवजी ते कायमचे निरुपयोगी करणारी शस्त्रक्रिया आली. सम-विषम रात्रींची जुनी इच्छाही मेली नव्हती. गर्भजलपरीक्षेच्या रूपाने ती परतली तेव्हा गर्भलिंगचिकित्सेवर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रालाच १९८८ मध्ये करावा लागला. मेळघाटातील कोरकू स्त्रीच्या बाबतीत भाषेचा प्रश्न आणखी बिकट होतो. तिची भाषा मुंडा कुळातील असल्यामुळे आरंभी वर्णिलेल्या तिन्ही मराठी शब्दसंपत्ती तिच्यासाठी परक्याच आहेत.

या भाषिक दरीचे गांभीर्य विदर्भाच्याच पूर्व टोकाला, गडचिरोलीत, दिसून आले. अभय आणि राणी बंग व त्यांचे सहकारी यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्यांपैकी फारच थोड्यांनी पूर्वी कधी उपचार घेतले होते. राणी बंग यांनी पुढे कानोसा या पुस्तकात खेड्यातील स्त्रियांच्या शरीरविषयक कल्पना त्यांच्याच शब्दांतून नोंदविल्या. म्हाइंभटांनी आठवणी गोळा करताना जी शिस्त पाळली होती, म्हणजे ऐकणे, पडताळणे आणि सांगणाऱ्याचा शब्द राखणे, तिच्याशी या पद्धतीचे नाते लावता येते.

७

वऱ्हाडातील या पाठांचा इतिहास सलग परंपरेचा नाही. रिद्धपूरचा विचार लिपीत कोंडला गेला, बुलढाण्याचे पुस्तक विस्मरणात गेले, वाशीमच्या कादंबरीकर्त्रीला इतिहासग्रंथांनी तळटीपेत ठेवले. प्रत्येक वेळी पुढच्या पिढीला आरंभ नव्याने करावा लागला. ताराबाईंना चक्रधरांचे निरूपण उपलब्ध नव्हते. गीता साने लिहीत होत्या तेव्हा ताराबाईंचे पुस्तक चर्चेतून नाहीसे झाले होते. या खंडिततेचे कारण प्रतिभेचा अभाव हे नाही. कोणता पाठ जपायचा, कोणता अभ्यासक्रमात घ्यायचा आणि कोणत्या विषयाला वाङ्मयबाह्य म्हणायचे याचे निर्णय ज्यांनी केले, त्यांच्या शरीराचा तो प्रश्न नव्हता.

म्हणून लीळाचरित्राच्या अभ्यासात विटाळाचे निरूपण पंथाच्या आचारधर्मापुरते मर्यादित न ठेवता मराठी शरीरविचाराचा आद्य पाठ म्हणून वाचणे, समाजस्वास्थ्याच्या गद्याला मराठी निबंधाच्या इतिहासात जागा देणे, आणि 'तांबी'सारख्या शब्दाला परिभाषाकोशात संप्रेरकाच्या शेजारी बसवणे, ही कामे समीक्षेच्या कक्षेबाहेरची नाहीत. बीजांड कोणत्या दिवशी सुटते हे ओगिनोनंतर ठाऊक झाले आहे. ती तारीख ज्या स्त्रीची, तिच्या वहीत, तिच्या भाषेत लिहिली जाते की नाही, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत पुष्कळ अंशी अजून खुला आहे.